मनात आहे, पण ओठांवर येत नाही

मागच्या अंकात मी तुम्हाला एकच गोष्ट विचारली होती. बाळासाठी मनापासून आवडलेलं, पण ठेवायला धजत नाही असं एखादं नाव तुमच्याकडे आहे का? असेल तर कळवा, आणि जीव कशाने कचरतो तेही लिहा. पत्रं भरभरून आली. काही आयांनी दवाखान्याच्या खाटेवरून लिहिली, एका आजोबांनी वहीची चार पानं दोन्ही बाजूंनी भरून पाठवली.

चौतीस वर्षं मी साताऱ्याजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवलं आणि रोज सकाळी हजेरी घेतली. कोणतं नाव पुकारलं की पोर मान वर करतं आणि कोणतं पुकारलं की खाली घालतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उत्तरं त्या भरवशावर देते. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावं काढली आहेत.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमच्या घरात वारी आहे. आजोबांनी शेवटची वारी केली त्या वर्षी मी देहूपासून त्यांच्याबरोबर चाललो. मुलगा झाला तर तुकाराम ठेवायचं, हे तेव्हापासून मनात आहे. आता मुलगा झालाय. बायकोलाही नाव आवडतं, पण ती म्हणते, पोरं त्याला तुक्या म्हणतील. आमच्या सोसायटीत सगळे रेयांश, अद्विक, विहान. त्यांच्यात हा एकटा पडेल का? (पिंपरी)

उत्तर : तुक्या म्हणतील. नक्की म्हणतील. गणेशचा गण्या होतो, सदानंदचा सद्या होतो, आणि विहानचा विहान्या झालेला मी नातवाच्या क्रिकेटच्या मैदानावर या कानांनी ऐकलाय. मराठी पोरांना मित्राचं नाव अख्खं घेता येत नाही. अख्खं नाव घेतलं की समजावं, भांडण झालंय.

आणि तुकोबांनी स्वतः काय केलं ते आठवा. अभंगाच्या शेवटी आपलं नाव घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी ‘तुकाराम म्हणे’ लिहिलं नाही. तुका म्हणे. नामदेवांनी ‘नामा म्हणे’ लिहिलं, जनाबाईंनी ‘जनी’. देवाशी बोलताना या माणसांनी आपलं नाव घरच्यासारखं आखूड करून घेतलं. पोरांनी तुका म्हटलं तर त्यात कमी काय आलं?

माझ्या आठवीच्या वर्गात एक तुकाराम होता. हातापायाने थोराड, आवाज नुकता फुटलेला. पुस्तकात अभंग आला आणि ‘तुका म्हणे’ची ओळ वाचली की अख्खा वर्ग मागे वळून त्याच्याकडे बघायचा. तो बाकाच्या फटीत पेन्सिल घालून खरवडत बसायचा. दोन दिवस मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यालाच उभं केलं आणि म्हटलं, आज तू वाच. शेवटच्या ओळीशी तो थांबला. वर्ग वाट बघत होता. मग त्याने ती ओळ वाचली, त्या फाटक्या आवाजात, जरा जोरातच. कुणी हसलं नाही. पुढे वर्षभर अभंग आला की पोरंच म्हणायची, बाई, तुक्याला वाचू द्या. आज त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे आणि पाटीवर ठळक अक्षरात आडनावाशिवाय तेवढंच नाव आहे.

बायकोला आणखी एक सांगा. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे 2008 च्या नोव्हेंबरात गिरगाव चौपाटीवर उभे होते. हातात लाठी होती. समोरच्याच्या बंदुकीची नळी त्यांनी छातीशी धरून ठेवली, सोडली नाही. अशोकचक्र मिळालं ते त्यांच्यामागे. हे नाव ऐकल्यावर कुणाला देहू आठवेल, कुणाला चौपाटी. मुलाला दोन्ही पुरेल.

पण नाव पक्कं करायच्या आधी एक करा. आठ दिवस रोज दिवेलागणीला बायकोला दारात उभं राहून हाक मारायला सांगा. “तुकाऽऽ, घरी ये रे.” शेजारच्या दारात कुणी असलं तरी. आठ दिवसांत तिचा आवाज मोकळा झाला तर पाळण्यावर नाव लिहा. आठव्या दिवशीही ती आजूबाजूला बघून हाक मारत असेल, तर दुसरं नाव शोधा आणि तिला दोष देऊ नका. दिवसातून पन्नास वेळा हाक तिला मारायची आहे. आईची हाक कचरली की पोरही कचरतं.

प्रश्न : बाई, मी दहा वर्षं गाणं शिकले. मला दुसरी मुलगी झाली. पहिलीचं नाव सासूबाईंनी ठेवलं होतं, म्हणून दुसरीचं मी ठेवायचं असं ठरलं. मी भैरवी म्हटलं. सासूबाई लगेच हो म्हणाल्या. मला इतका आनंद झाला! मग दुपारी त्या शेजारच्या काकूंना सांगताना ऐकल्या, “बरं झालं. भैरवी म्हणजे शेवट. आता मुली थांबतील.” तेव्हापासून ते नाव माझ्या तोंडून निघत नाही. बारसं पुढे ढकललंय. (कोल्हापूर)

उत्तर : तुझं पत्र वाचून मी उठून अंगणात गेले. बसवेना.

माझ्या हजेरीपटावर एक नकुसा होती. आमच्या भागात हे नाव नवं नाही. नकुसा, नकोशी. तिसरी-चौथी मुलगी झाली की ठेवायचं, म्हणजे देवाला कळेल आता पुरे. मी नवी होते. तिचं नाव आलं की माझा आवाज खाली जायचा. मग मी एक तोड काढली, तिला आडनावाने पुकारायला लागले. आठवडाभराने ती मधल्या सुट्टीत आली आणि म्हणाली, “बाई, सगळ्यांचं नाव घेता, माझं एकटीचंच आडनाव का?” मला काही बोलता आलं नाही. मी तिला पोटाशी धरलं, एवढंच. पुष्कळ वर्षांनी, 2011 च्या ऑक्टोबरात, साताऱ्यात एक समारंभ झाला आणि अशा 285 मुलींना नवी नावं मिळाली. पेपरात तो आकडा वाचला तेव्हा मला तीच मधली सुट्टी आठवली. त्या 285 मध्ये माझी नकुसा नव्हती. ती तोवर दोन लेकरांची आई होती.

म्हणून सासूबाईंचं ते वाक्य तू मनाला लावून घेतलंस ते मला कळतं. पण भैरवी हे नाव नकोशीच्या रांगेत बसणारं नाही. ते तिथे बसवू देऊ नकोस. तुला मी गाण्यातलं काय सांगणार? रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल. तो सकाळचा राग. पूर्वी मैफली रात्रभर चालायच्या, संपेपर्यंत फटफटायचं, म्हणून शेवटी भैरवी यायची. बाहेर उजाडत असायचं तेव्हा. आणि दहा महाविद्यांमधली एक देवी भैरवी आहे, ते वेगळंच.

बारसं आणखी लांबवू नकोस. आत्या कानात कुर्रर्र करून नाव सांगेल, बायका पाळणा म्हणतील. तो पाळणा या वेळी तू म्हण, भैरवीत बांधून. बाळ सासूबाईंच्या मांडीवर दे आणि त्यांच्या समोर बसून म्हण. म्हणून झालं की सगळ्यांदेखत सांग, हा पहाटेचा राग आहे, म्हणून हिचं नाव भैरवी. सासूबाईंना वेगळं काही सुनवायची गरज नाही, त्या ऐकतच असतील. घरात नावाचा अर्थ कोणी ठरवायचा, हे त्या दिवशी ठरून जाईल.

तरीही नावावर बसलेलं ते वाक्य पुसलं जात नसेल तर आसावरी आहे. पण आधी गाऊन बघ.

प्रश्न : मला मुलगी झाली तर सोयरा ठेवायचंय. नवऱ्यालाही आवडतं. पण सासरी सगळे म्हणतात, सोयराबाई म्हणजे संभाजीराजांच्या वाईटावर असलेली राणी, असलं नाव कुणी ठेवतं का? मी म्हटलं, संत सोयराबाई पण होत्या. त्यावर एक काका म्हणाले, त्यांचा अभंग ऐकायला ठीक आहे, नाव कशाला? (नांदेड)

उत्तर : वरच्या पत्राला लागूनच तुझं पत्र घेतलंय, त्याला कारण आहे. कितीतरी मैफलींची सांगता ज्या अभंगाने होते, आणि भैरवीत होते, तो ‘अवघा रंग एक झाला’ संत सोयराबाईंचा. ज्या घरात तो अभंग कॅसेटवर वाजला, सीडीवर वाजला, आता मोबाइलवर वाजतो, त्या घराला तो कुणाचा हे माहीत नसतं.

आधी राणीचं बोलू. 1674 च्या राज्याभिषेकात महाराजांच्या शेजारी पट्टराणी म्हणून बसल्या त्या सोयराबाई. 1680 च्या एप्रिलात महाराज गेले, रायगडावर राजारामांना गादीवर बसवायचा घाट घातला गेला, आणि सोयराबाईंचे सख्खे भाऊ हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. पुढे 1681 मध्ये सोयराबाई गेल्या. एवढं सगळं घडलं त्यातून लोकांनी एकच रंग उचलला, आणि अलीकडच्या मालिकांनी तो आणखी गडद केला.

पण एका बाईच्या बदनामीने नाव कायमचं बाद होतं, असं आपल्याकडे झालेलं नाही. राघोबादादांच्या आनंदीबाईंवर ‘ध’चा ‘मा’ केल्याचा ठपका आहे. नारायणराव पेशव्यांचा खून झाला 1773 मध्ये. त्यानंतर शंभर वर्षं सरली आणि कल्याणच्या एका मुलीचं लग्नात नाव बदलायची वेळ आली, तेव्हा गोपाळराव जोशींनी कोणतं नाव घेतलं? आनंदी. तीच 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, त्यांचंही नाव आनंदी झालं. आज आनंदी म्हटल्यावर शनिवारवाडा किती जणांच्या डोळ्यांसमोर येतो?

आता काकांचं वाक्य. ते मला टोचलं, आणि तुलाही टोचलं असणार, नाहीतर तू ते लिहिलं नसतंस. राणीचं निमित्त आहे. खरी अडचण त्या वाक्यात आहे. चोखोबांची समाधी पंढरपुरात विठ्ठलाच्या महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ आहे, देवळाच्या बाहेर. सोयराबाई त्यांच्या पत्नी. आपल्या अभंगांत त्या स्वतःला ‘चोखियाची महारी’ म्हणवून घेतात, लपवत नाहीत. त्यांचा शब्द गळ्यात चालतो आणि नाव घरात चालत नाही, हे मला मान्य नाही. हीच गोष्ट काकांना प्रेमाने पण स्पष्ट विचारा: अडचण नेमकी कशाची? उत्तर देताना ते थांबतील. थांबू द्या.

सोयरा म्हणजे आप्त, जिव्हाळ्याचा माणूस. वृक्षवल्लींना तुकोबांनी सोयरीं म्हटलंय. दारात आलेल्या लेकीला हाक मारायला याहून मायेचं नाव मला सुचत नाही. ठेव. मनापासून ठेव.

प्रश्न : बाळाचं नक्षत्र हस्त, आणि अक्षर आलंय ‘ण’. ण वरून नाव कुठून आणू? आम्हाला अनुजा आवडतं, पण अक्षर सोडायला भीती वाटते. (बार्शी)

उत्तर : मराठीत ण ने सुरू होणारा शब्दच नाही, तेव्हा नाव कुठून आणणार? हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. भटजी अशा वेळी त्याच राशीतलं दुसरं अक्षर घ्यायला सांगतात, कन्या राशीत प आणि पी पण आहेत. नावरस नाव पत्रिकेसाठी आणि संकल्पासाठी ठेवा, पूर्वा म्हणा, पाळण्यात अनुजा म्हणा. आमच्या आयांनी हेच केलं.

प्रश्न : द्रौपदी हे नाव मला फार आवडतं. ताठ, कुणापुढे न वाकणारं. पण पाच नवऱ्यांवरून मुलीला चिडवतील का? (जळगाव)

उत्तर : चिडवतील, आणि तेरा-चौदाव्या वर्षी चिडवतील, जेव्हा ते सर्वात जास्त लागतं. खरं तर माझ्या लहानपणी प्रत्येक आळीत एक द्रौपदाबाई असायची आणि कुणाला काही वाटायचं नाही. 2022 पासून राष्ट्रपती भवनात द्रौपदी मुर्मू आहेत. नावाचं नशीब भागाभागात वेगळं असतं. सोलापूर-धाराशिवकडे बिभीषण नावाचे सरपंच आणि मास्तर भेटतात, तिथे त्या नावात लंका कुणाला दिसत नाही. पण तुमच्या मुलीच्या वर्गात ती एकटीच द्रौपदी असेल. तुमचा ताठपणा तिने एकटीने का पेलावा? द्रौपदीचं स्वतःचं दुसरं नाव आहे, कृष्णा. सावळी म्हणून कृष्णा. ते घ्या. माझ्या घरामागून वाहते तीही कृष्णाच.

प्रश्न : बाई, माझी आजी मागच्या वर्षी गेली. सगळे तिला सुशीला म्हणायचे. तिच्या ट्रंकेत शाळेचा दाखला सापडला, त्यावर यमुना. आईलासुद्धा माहीत नव्हतं! आता मला दिवस गेलेत आणि मुलगी झाली तर मला यमुना ठेवायचंय. आत्या म्हणते, त्यात यम आहे, बाळाला लावू नको. (इंदूर)

उत्तर : मी लहान असताना चुलतभावाच्या लग्नात पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. ताटात तांदूळ पसरले होते. भटजींनी नवऱ्या मुलाच्या हातात सोन्याची अंगठी दिली आणि त्याने त्या तांदळात एक नाव लिहिलं. नवरी डोक्यावरचा शालू सावरत वाकून वाचत होती. आपलं नाव आता काय आहे, हे तिला तिथे कळत होतं. मग कुणीतरी ताट उचललं, तांदूळ हलले आणि अक्षरं गेली. तिचं माहेरचं नाव तर त्याच्याही आधी गेलं होतं.

तुझ्या आजीची यमुना अशीच गेली. तिच्या एकटीची नाही. वर ज्या डॉक्टर आनंदीबाई सांगितल्या, त्यांचं माहेरचं नाव यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. एकाच पिढीतल्या दोन यमुनांना महाराष्ट्र दुसऱ्याच नावांनी ओळखतो.

आणि यम म्हणून घाबरायचं असेल तर आत्याला भाऊबीज कशी साजरी करते ते विचार. भाऊबीजेला यमद्वितीया म्हणतात. यम त्या दिवशी बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला जातो, ती त्याला ओवाळते. ज्या नावाच्या दारात यम पाटावर बसून ओवाळून घेतो, ते नाव बाळाला लावायला भ्यायचं कशाला? आत्यालाच ते कानात सांगायचंय. तिला ही गोष्ट सांग, ती हो म्हणेल.

जाता जाता, तू इंदूरची असलीस तरी महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांचं नाव राज्याच्या कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायचं ठरलंय. मला हा निर्णय वाचून फार बरं वाटलं. आणि पुष्कळ पत्रांत घाई दिसली, म्हणून सांगते. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळेपासून आधारपर्यंत सगळीकडे हाच दाखला लागणार आहे. तेव्हा दवाखान्याच्या खिडकीशी उभं राहून नाव ठरवू नका, पण ठरलं की अक्षरन् अक्षर तपासून घाला.

प्रश्न : आम्ही जर्मनीत असतो. दोघांचीही आवड ज्ञानदा. पण इथे ते कुणाला म्हणता येणार नाही, आणि आमचे हिंदीभाषक मित्र ग्यानदा म्हणतात. ठेवावं का? (स्टुटगार्ट)

उत्तर : मी ज्ञ आणि ऋ शिकवण्यात आयुष्य घालवलं, तरी इथे मी सावध सांगणार. आपण द्न्य म्हणतो, हिंदीत ग्य, गुजरातीत ग्न. ऋजुताचंही तेच, आपल्याकडे रु आणि तिकडे रि. भारतात हे चालून जातं. तिकडे मात्र पासपोर्टवर डी, एन, वाय अशी तीन अक्षरं ओळीने आली की प्रत्येक नवे शिक्षक अडखळणार, आणि दर वेळी तुमच्या पाच वर्षांच्या मुलीने उभं राहून ते सुधारायचं. तुम्ही तिथे नसणार.

आपल्याकडे पाळण्यातलं आणि व्यवहारातलं अशी दोन नावं असायची. लता मंगेशकरांचंही पाळण्यातलं नाव हेमा होतं. घरात ज्ञानदा म्हणा, रोज म्हणा, तो ज्ञ तिच्या कानात घट्ट बसू द्या. कागदावर मुक्ता घाला. ज्ञानदेवांच्या धाकट्या बहिणीचं नाव आहे, आणि तिकडच्या लोकांनाही म्हणता येईल. अठराव्या वर्षी तिला जे पुढे न्यायचं ते ती नेईल.

प्रश्न : बाई, गाव लिहीत नाही. आमची पहिली मुलगी अकराव्या दिवशी गेली. बारसं दुसऱ्या दिवशी होतं. नाव ठरलं होतं, ओंजळ. पाळण्यावर लावायची अक्षरं पण कापून ठेवली होती. आता पुढच्या महिन्यात दुसरं बाळ येईल. मुलगी झाली तर तेच नाव ठेवावं असं मला वाटतं. यांना भीती वाटते. मी म्हणते, ते नाव तर कुणी वापरलंच नाही. तुम्ही काय म्हणता?

उत्तर : बाळा, हे मी कुणाला आजवर लिहून सांगितलेलं नाही. माझं नाव माझ्या थोरल्या बहिणीचं आहे. ती दीड वर्षाची होऊन तापाने गेली, दोन वर्षांनी मी झाले, आणि आजी म्हणाली, तीच परत आली. तेच नाव ठेवलं. आईने माझे खूप लाड केले. पण कधीकधी ती मला हाक मारायची, मी समोर जाऊन उभी राहायची, आणि ती क्षणभर माझ्याकडे बघत राहायची, कशाला हाक मारली ते विसरल्यासारखी. लहान होते तेव्हा मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं. आई गेल्यावर तिच्या पेटीत तळाशी चांदीचे दोन वाळे सापडले, काळ्या दोऱ्यात बांधलेले. माझ्या कुठल्याच फोटोत ते वाळे नाहीत. ती पेटी उघडीपर्यंत माझ्या बहिणीचं या घरात काहीच नव्हतं, नावसुद्धा मी घेऊन बसले होते.

तू लिहितेस, ते नाव कुणी वापरलं नाही. आत्याने कानात सांगितलं नाही, एवढंच खरं आहे. त्या अकरा दिवसांत रात्री दूध पाजताना तू तिला काय म्हणून बोलत होतीस? ती ओंजळ होती. तिला तेवढंच मिळालं, ते तिच्याकडेच राहू दे.

यांची भीती अपशकुनाची असेल तर तिला मी मान देत नाही. ओंजळ शुभ नाव आहे, कुणीही ठेवावं. फक्त या एका घरात आता ते दिलेलं आहे. येणाऱ्या बाळाला तुझ्याकडे पाहताना आपल्या मागे आणखी कुणाला शोधतेस असं वाटू नये, म्हणून सांगते. नवीन नाव तिचं एकटीचं असू दे. ओंजळीत जे घ्यावंसं वाटतं त्यातलं घे, बकुळ घे, अबोली घे. आणि ती मोठी झाली, विचारू लागली, की तिला ताईचं नाव सांग. लपवू नको. माझ्यापासून लपवलं होतं.

ती कापलेली अक्षरं टाकू नकोस. पाकिटात घालून, वर तारीख लिहून, कपाटात नीट ठेव.

बाळंतपण माहेरी आहे का? मुलगा झाला की मुलगी, ते कळव. बारशाची तारीख ठरली की तेही कळव. गाव तेव्हा लिही, मी घुगऱ्या खायला येईन.